तुरटीसाहेबांचा स्वच्छ समुद्र

पाण्याचा पेला हातात आला की आधी तो खिडकीकडे धरायचा, एक डोळा मिटायचा, आरपार बघायचं आणि मग प्यायचं, ही तुरटीसाहेबांची जन्माची सवय. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी तेच. त्या घरच्या यजमानिणीला वाटायचं, यांना आपण विष घातलंय असा संशय आहे की काय! पण तसं काही नव्हतं. साहेबांची सगळी नोकरी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात गेली. नदीतून चहाच्या रंगाचं पाणी आत यायचं, त्यात तुरटी पडायची, गाळ तळाला बसायचा, वाळूच्या थरांतून पाणी झिरपायचं, आणि शेवटच्या हौदात ते असं काही नितळ व्हायचं की तळाचे खिळे मोजून घ्यावेत. त्या हौदाच्या कठड्याशी साहेब रोज उभे राहायचे आणि रोज थक्क व्हायचे. केंद्रातल्या मंडळींनी त्यांना तुरटीसाहेब हे नाव ठेवलं ते चिडवायला, पण साहेबांनी ते पदवीसारखं मिरवलं.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली ‘बाई’ म्हणते. शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. प्रवाळाचा धडा आला की बाई रंगीत खडूंनी फळाभर एक प्राणी काढायच्या: खाली देठ, वर तोंड आणि तोंडाभोवती पिसांसारखे आठ हात. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत गोळा व्हायची आणि शिपाई तो फळा संध्याकाळपर्यंत पुसायचा नाही. ‘हे झाड आहे की प्राणी?’ असं बाई विचारायच्या. कुणी ‘प्राणी’ म्हटलं की म्हणायच्या, “बरोबर. बस.” बाईंकडून ‘बरोबर, बस’ ऐकलेली पोरं घरी जाऊन आयांना सांगत.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने उलट विचारलं होतं, “बाई, तुम्ही पाहिलाय का हो हा प्राणी?” बाई म्हणाल्या, “नाही गं.” खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. पण तो ‘नाही’ त्यांच्या मनातून काही गेला नाही. निवृत्त झाल्या त्या दिवशी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाल्या, “अहो, एवढी वर्षं शिकवलं, पण तो उमललेला बघायचं राहूनच गेलं.”

आता नवऱ्याने अशा वेळी काय करावं? एखादा म्हणाला असता, जाऊ दे, साडी घेऊ. तुरटीसाहेबांनी समुद्र घ्यायचं ठरवलं.

दिवाणखान्यात समुद्र ठेवायचा तर सोसायटीची परवानगी लागते, हे त्यांना काचेची टाकी जिन्यावर अडकल्यावर कळलं. सेक्रेटरी खालच्याच मजल्यावर राहतात. ते बनियनवर बाहेर आले, टाकीला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, “यात काय ठेवणार?”

“प्रवाळ,” बाई म्हणाल्या. “प्राणी आहे तो.”

प्राणी म्हटल्याबरोबर सेक्रेटरींनी पाळीव प्राण्यांचा अर्ज काढला. प्राण्याचा रंग. गुलाबी. प्राणी भुंकतो का? नाही. लस टोचली आहे का? बाई म्हणाल्या, टोचायची कुठे? शेवटी संख्या. नियमाप्रमाणे एका घराला दोन प्राणी.

“दोन कसे चालतील?” बाई म्हणाल्या. “एकेका फांदीवर शेकडो असतात. शिवाय खडकात राहणारे वेगळे.”

सेक्रेटरींनी नियमावली चाळली. शेकडो प्राण्यांचं घर मंजूर करणारा नियम त्यांच्याकडे नव्हता. मग त्यांनी आपल्या परीने सहानुभूतीपूर्वक तोडगा काढला. प्राणी खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘शोभेचं झाड, एक कुंडी.’ बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर वर्गावर्गांतून जे खोडलं, तेच आता शिक्क्यानिशी त्यांच्या नावावर लागलं. पण टाकी जिन्यात अडकलेली होती, खालचे लोक वर यायला आणि वरचे खाली जायला खोळंबले होते. बाईंनी सही केली.

बरं, समुद्र तयार झाला. आणि काय सांगावं महाराज, पहिले काही दिवस त्या घरात कुणी जेवायलासुद्धा टेबलाशी बसलं नाही! ताटं घेऊन दोघं काचेसमोर. दुकानदाराने आणून दिलेला खडक म्हणजे नुसता ओबडधोबड दगड, असं साहेबांना वाटलं होतं. पण मिठाच्या पाण्यात तो दगड जागा झाला. एका भोकातून मिशा बाहेर आल्या. दुसऱ्यातून केसासारखा बारीक हात निघाला, इकडे तिकडे चाचपून परत आत गेला. दुपारी काचेवर तिळाएवढी गोगलगाय निघाली आणि तिच्या मागे दोन आणखी. “अगं, हे आलं कुठून?” साहेब दर थोड्या वेळाने ओरडायचे. जन्मभर पाणी बघितलेला माणूस, पण पाण्यात कुणी राहतं हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या हौदात कुणी राहायला लागलं तर चौकशी बसायची.

मग प्रवाळ आला. पिशवीतून आला तो मिटूनच, भिजलेल्या बोळ्यासारखा. दुकानदार म्हणाला, “दमलाय प्रवासाने. उमलेल.” बाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एका सकाळी साहेबांनी सवयीने एक डोळा मिटून टाकीतून आरपार बघितलं, आणि त्यांना पलीकडचं कॅलेंडर किंचित धूसर दिसलं.

“गढूळ!” साहेब म्हणाले. हा शब्द ते घरात फक्त गंभीर प्रसंगी वापरतात.

लगेच दुकानदाराला फोन. मिठाच्या पाण्याच्या टाकीला गाळणी लागते की नाही? दुकानदार म्हणाला, लागते म्हणणारे आहेत, नाही म्हणणारेही आहेत, खडक आणि फेस काढणारं यंत्र मिळून बरंचसं काम करतात, पण हवी असेल तर माझ्याकडे गाळपिशवी आहे. साहेबांना यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात, त्यांनी जिन्यातच विरोध नोंदवला.

“काही लागत नाही गाळणीबिळणी! माझ्या दवाखान्यातल्या टाकीला आजतागायत नाही. पाणी बघा कसं आहे, आरसा!”

“आणि मासे?”

“ते प्लॅस्टिकचे आहेत,” डॉक्टर म्हणाले. “पण मुद्दा पाण्याचा चाललाय ना?”

साहेबांनी पिशवी आणली. टाकीतून खालच्या कपाटातल्या लहान हौदात पडणारं पाणी आधी त्या पांढऱ्या पिशवीतून जायचं आणि मगच पंपाने परत वर. पहिली जाडी होती. मग बारीक आणली. मग त्याहून बारीक. तरी रोज फिरून आल्यावर पाण्यावर एक हलकी झाक दिसायचीच. साहेबांना कळेना. रात्री नितळ असलेलं पाणी सकाळी ते फिरायला जाऊन येईपर्यंत गढूळ होतं, हा काय चमत्कार? शेवटी त्यांनी आपल्या जुन्या सुती सदऱ्याची तीन पदरी पिशवी स्वतः मशीनवर शिवली. तिच्यातून आलेल्या पाण्याला तोड नव्हती. टाकीत पाणी आहे की नाही हे बोट घातल्याशिवाय कळेना. साहेबांचा ऊर पुन्हा भरून आला.

प्रवाळ मात्र मिटलेलाच. उलट दिवसेंदिवस आखडत चालला. खडकातल्या मिशाही बाहेर यायच्या थांबल्या.

पिशव्या धुवायचं काम साहेबांकडेच होतं. एकदा धुताना त्यांना एक चिमुकली गोगलगाय सापडली. बाईंना दाखवावी म्हणून त्यांनी ती ओल्या कापसात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि तसेच पेन्शनच्या ऑफिसात गेले. त्या दिवशी आपण जिवंत आहोत असं तिथे समक्ष जाऊन सिद्ध करायचं होतं. खिडकीशी वाकून अंगठा देतात न देतात तोच गोगलगाय खिशातून निघून कागदावर उतरली आणि निवांतपणे सहीच्या रकान्याकडे निघाली.

कारकुनाने चष्मा वर केला. “हे कोण?”

“हेही हयात आहे,” साहेब म्हणाले. मागची रांग हसली. कारकून हसला नाही. त्याने ओल्या कागदाकडे बोट दाखवलं आणि साहेबांना नवा फॉर्म आणून रांगेच्या शेवटी उभं राहायला लावलं. उन्हात उभं राहून साहेबांनी गोगलगाईवर सावली धरली आणि घरी आणून सुखरूप पाण्यात सोडली. एवढं सगळं होऊनही गाळपिशवीत गोगलगाय आलीच कशी, हा साधा प्रश्न त्यांना पडला नाही. माणूस अभिमानात असला की असंच होतं.

आणि मग ती तीन पदरी पिशवी तुंबली.

दोघं बाजारात गेले होते. पाण्याला पिशवीतून वाट मिळेना, ते पिशवीवरून, टाकीच्या कपाटातून, फरशीवरून आपल्या मार्गाने निघालं. परत आले तेव्हा सेक्रेटरी दारात उभे होते. त्यांच्या टकलावर पाण्याचा थेंब होता. त्यांनी तो बोटाने टिपला, जिभेला लावला आणि म्हणाले, “खारट आहे.”

“माफ करा हो,” साहेब म्हणाले.

“माझ्या कपाळावर समुद्र गळतोय, साहेब! एका कुंडीला असं पाणी? रविवारपर्यंत टाकी हलवा. लेखी देतोय.”

साहेब तावातावाने काही बोलणार होते, पण बाईंनीच त्यांना थांबवलं. प्रवाळाकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, “जाऊ दे अहो. देऊ परत. माझ्याकडून जगतही नाहीये तो. चित्रातच बरा होता.”

हे मात्र साहेबांना लागलं. टाकी जाण्याचं दुःख एक, पण बाईंनी ‘माझ्याकडून’ म्हणावं? आणि लोक काय म्हणणार? सगळ्या शहराला पाणी पाजलं आणि घरातली एक टाकी सांभाळता आली नाही! रात्रभर त्यांनी विचार केला आणि ठरवलं, टाकी जायची तर जाऊ दे, पण दोष गाळणीचा नव्हता, गाळाचा होता, हे सिद्ध करूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सेक्रेटरी आणि डॉक्टर दोघांना रीतसर बोलावलं. बाईंना शाळेने निरोपाला दिलेला सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडला. घसा साफ केला.

“मंडळी,” साहेब म्हणाले, “गाळणी लागते की नाही हा वाद आहे. मी म्हणतो, लागते. ही पिशवी तुंबली ती केवढा गाळ तिने अडवला म्हणून. तो गाळ आपण आता डोळ्यांनी बघणार आहोत.” आणि त्यांनी पिशवीतला करडा लगदा चमच्याच्या टोकाने काचपट्टीवर लावला, वर टाकीतल्या पाण्याचा थेंब सोडला. “डॉक्टर, आधी तुम्ही.”

डॉक्टर वाकले. त्यांनी स्क्रू मागेपुढे फिरवला. मग डोळा न काढताच म्हणाले, “साहेब, तुमचा गाळ माझ्याकडे बघतोय.”

“काय बोलताय!”

“एकच डोळा आहे. लाल. आणि साहेब, याच्या शेपटीला अंडी आहेत हो!”

साहेबांनी डॉक्टरांना बाजूला सारून स्वतः डोळा लावला.

तिथे गाळ नव्हताच. काचेची माणसं असावीत तशी मंडळी होती. आरपार दिसणारी, लांब मिशांची, कपाळावर एकच लाल टिंब असलेली. काही निपचित पडली होती, पण बरीच अजून धडपडत होती. एकीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या होत्या, द्राक्षांचे घोसच जणू. एक कुणीतरी गोलगोल फिरत होतं, आणि त्याच्या पोटात काहीतरी टकटक उडत होतं. ते काळीज होतं. पाण्यात काही शिल्लक राहू नये म्हणून ज्यांनी हयात घालवली, त्यांना धुळीच्या कणाएवढ्या जिवाचं काळीज दिसलं, आणि ते चालू होतं. असे किती चमचे रोज बेसिनमध्ये धुतले आपण?

“बाई,” ते जेमतेम म्हणाले, “हे बघ. हे कोण आहेत?”

बाईंनी बघितलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. “अहो, ही तर माझी आहेत!”

मग सगळं बाहेर आलं. बाईंना वाटलं होतं, प्रवाळ उपाशी आहे. म्हणून स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे, एका बरणीत शेवाळाचं हिरवं पाणी करून त्यांनी दुकानदाराकडून आणलेली ही पिल्लावळ, म्हणजे प्रवाळाचा खाऊ, वाढवली होती. उघडपणे टाकीत घालावी तर साहेब ‘गढूळ, गढूळ’ म्हणून घर डोक्यावर घेणार. म्हणून साहेब सकाळी फिरायला गेले की बाई बरणीतलं भांडंभर पाणी टाकीत सोडायच्या. साहेब परत आले की एक डोळा मिटून बघायचे आणि नवी पिशवी लावायचे. एक वाढतेय, दुसरा तोंडातला घास काढून घेतोय, आणि दोघंही प्रवाळाच्या काळजीने वाळताहेत! खडकातले जीव, त्यांची पिल्लं, सगळी त्याच पिशवीत.

“मला सांगायचंस तरी,” साहेब म्हणाले.

“तुम्ही पेल्यातलंसुद्धा पाणी तपासता हो,” बाई म्हणाल्या. “काय सांगणार?”

साहेब उठले. पिशवी टाकीतल्या पाण्यात उलटी केली आणि जेवढी हलत होती तेवढी मंडळी हलक्या हाताने परत सोडली. ती अशी काही उधळली की काचेसमोर करडा ढग झाला. साहेबांनी डोळे मिटून घेतले, पण हात थांबवला नाही. तीन पदरी पिशवी त्यांनी पिळून, घडी करून कपाटात ठेवून दिली.

सेक्रेटरी एवढा वेळ सूक्ष्मदर्शकाला चिकटले होते. त्यांनी डोकं वर काढलं. “म्हणजे पिशवी नाही, तर तुंबणं नाही, आणि तुंबणं नाही तर गळणं नाही. असंच ना?”

“असंच.”

“ठीक आहे. टाकी हलवायला आणखी एक आठवडा देतो. पण एक थेंब जरी पडला ना साहेब, तर मी ऐकणार नाही.” आणि जाता जाता पुन्हा एकदा वाकून बघून गेले.

तो आठवडा साहेबांना कसा गेला ते त्यांनाच ठाऊक. पाणी चक्क धूसर होतं. काचेवर हिरवी सायसुद्धा धरली. हात शिवशिवायचे. शेवटी ते टाकीकडे पाठ करून बसायला लागले. पेपर वाचायचा तोही पाठ करून. बाई आता भांडं राजरोस रिकामं करायच्या आणि साहेब तिकडे न बघता विचारायचे, “जेवली का मंडळी?” हळूहळू पाणी आपलं आपणच निवळायला लागलं, पूर्ण नाही, थोडंसं. मिशा परत बाहेर आल्या. प्रवाळ मात्र मिटलेला तो मिटलेलाच.

मुदत संपायचा रविवार आला. दुकानदार टाकी न्यायला यायचा होता. संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत येत होतं आणि साहेब पाठ करून चहात साखर ढवळत होते. मनातल्या मनात ते बाईंची समजूत घालायला वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं.

“अहो,” मागून बाईंचा आवाज आला. अगदी बारीक आवाज. “वळा.”

साहेब वळले.

तो आखडलेला बोळा उभा राहिला होता. त्याच्या प्रत्येक टोकाला एक फूल होतं आणि प्रत्येक फुलाला पिसांसारखे आठ हात. फळ्यावर होते तसेच, हुबेहूब! पण फळ्यावर जे कधीच नव्हतं ते इथे चाललं होतं. ते हात मिटत होते आणि उघडत होते. तान्हं मूल झोपेत मूठ मिटतं आणि सोडतं, तसे. एक मिटला की शेजारचा उघडायचा, तो मिटला की पलीकडचा. साऱ्या झुडपावर ती हालचाल पसरली होती आणि उन्हाच्या तिरिपेत पाण्यातले बारीक कण सोन्यासारखे तरंगत होते. तुरटीसाहेबांनी आयुष्यात इतकं सुंदर पाणी पाहिलं नव्हतं, आणि ते गढूळ होतं.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. “हलतो हो हा,” त्या म्हणाल्या. “मी पोरांना कधी सांगितलंच नाही. मला माहीतच नव्हतं असा हलतो ते.”

साहेबांनी नुसता बाईंचा हात धरला.

दार उघडंच होतं. सेक्रेटरी टाकी हलवायचा लेखी कागद घेऊन आत आले, मागून डॉक्टरही आले. डॉक्टर नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “काय मग साहेब, लागते का गाळणी?”

“चहाला लागते,” साहेब म्हणाले. “हळू बोला.”

सेक्रेटरी काचेपाशी आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. त्यांच्या नाकासमोर एक चिमुकली मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. हातातला कागद खाली पडला तो त्यांनी उचललाही नाही. मग त्यांनी बाईंकडे बघितलं, आणि वर्गात उत्तर द्यायला उठलेल्या मुलासारखे ताठ उभे राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “हे झाड नाही.”

“मग काय आहे?” बाईंनी डोळे पुसत विचारलं.

“प्राणी आहे.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “बसा.”

आणि सेक्रेटरी तिथेच फरशीवर बसले.